टकलावरची पावडर

मी पावडरचा पफ बोलतोय. हसा, हसा, मला सवय आहे. ब्रश बोलला असता तर तुम्ही कान देऊन ऐकलं असतं, कारण त्याला लांब दांडा असतो आणि दांडा असला की माणसं मान देतात. मी नुसता गोल, गुबगुबीत, पाठीला रिबिनीची एक पट्टी. पण आमच्या पेटीत सगळ्यात जास्त गालांना मीच भेटलोय, हे लक्षात ठेवा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्या दिवशी आम्ही चार हजार भावंडं जन्माला आलो, त्यामुळे लाडकोड वगैरे कोणी केले नाहीत. तिथून एका दुकानात काचेच्या कपाटात वर्षभर बसलो. शेजारी एक महागडी लिपस्टिक होती, ती कोणाशी बोलायची नाही. एके दिवशी एका मुलीने मला उचललं, गालावर दाबलं आणि म्हणाली, "अय्या, किती मऊ!" झालं, मी तिचा झालो. कौतुकाने मी भलताच हुरळतो. पुढचा घोळ त्यातूनच झाला.

ती तोवर एका पार्लरमध्ये नोकरी करत होती. ती सोडून आता ती फोटोशूटसाठी मेकअप करणार होती, स्वतंत्रपणे.

"म्हणजे घरी बसणार," आई म्हणाली.

"आई, त्याला फ्रीलान्स म्हणतात."

"काहीही म्हण. कोणी बोलावलं नाही तर घरीच बसशील ना?"

महिनाभर खरंच कोणी बोलावलं नाही. सरावाला चेहरा हवा म्हणून ती रोज बाबांना खिडकीशी बसवायची. बाबा गरीब स्वभावाचे. अर्धा चेहरा रंगवून झाला असताना बेल वाजली की तसेच उठून दार उघडायचे. एकदा शेजारच्या काकू त्यांना बघून दोन पावलं मागेच गेल्या.

"भाऊजी, बरं आहे ना सगळं?"

"उत्तम! डावी बाजू व्हायचीय अजून," बाबा म्हणाले.

तिने एक नवी पावडर आणली होती. पांढरीशुभ्र, पिठाहून बारीक. मी ती चेहऱ्यावर टेकवली की पावडर दिसेनाशी व्हायची आणि चेहऱ्याची तेलकट चमकही जायची. खिडकीच्या उजेडात बाबा दहा वर्षांनी लहान दिसायचे. आईसुद्धा लांबून बघून "हं" म्हणाली होती. आमच्या घरात हे मोठंच बक्षीस.

मग एका फोटोग्राफरचा फोन आला. त्यांच्या नेहमीच्या मेकअपवाल्या बाईंचा पाय मुरगळला होता. "गादीच्या कंपनीची जाहिरात आहे, उद्या सकाळी नऊला. काम नीट झालं तर पुढची शूटं तुलाच."

"आणि नाही झालं तर?" आईने विचारलं.

ती ब्रश पुसत म्हणाली, "तर पार्लरला परत. तिथल्या बाई म्हणाल्याच होत्या, महिन्याभरात परत येशील म्हणून."

त्या रात्री मला फार वाईट वाटलं. ब्रशांनीही कधी नव्हे ते मला टोमणा मारला नाही.

स्टुडिओत जमिनीला चिकटवलेल्या वायरी, छत्र्या लावलेले दिवे आणि मधोमध एक डबलबेड होता. मॉडेल कोण, तर गादी कंपनीचे मालक स्वतः! "गादी माझी, तर झोपणारही मीच," ते म्हणाले. गोल, हसरे, घामाघूम गृहस्थ. डोक्यावर औषधालाही केस नव्हता.

"ते टक्कल आधी बघ बाई," फोटोग्राफर म्हणाले. "मला त्यात माझा कॅमेरा दिसतोय."

गाल मी पुष्कळ पाहिले होते, टक्कल पहिलंच. एवढं मोठं मैदान बघून माझं भान सुटलं. खरं सांगतो, डबीत बुडवल्यावर मी गरजेपेक्षा दुप्पट पावडर उचलली. तिने मला दाबत, थोपटत कपाळापासून मानेपर्यंत फिरवलं. चमक साफ गेली. मालकांनी आरशात पाहिलं. "वा! डोकं कसं मखमल झालं!" मी मुद्दाम ब्रशांकडे बघितलं.

मालक गादीवर आडवे झाले. फ्लॅश पडला. फोटोग्राफर कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघतच राहिले.

भुवयांपर्यंत मालक होते. त्यांच्या वर उकडलेलं अंडं होतं.

दुसरा फोटो काढला. अंडं तसंच. आणि प्रत्यक्षात बघावं तर डोकं अगदी झकास! काय झालं ते तिला लगेच कळलं. ही पावडर साध्या उजेडात दिसत नाही, पण फ्लॅशचा प्रकाश तिच्यावरून उसळतो आणि फोटोत पांढरा डाग येतो. म्हणून आधी फ्लॅशने एक फोटो काढून बघायचा असतो. तिने महिनाभर सराव केला खिडकीत, आणि खिडकीला फ्लॅश नसतो.

"लाइटवर ढकल," दिवेवाले काका तिच्या कानात पुटपुटले. "लाइट बिघडला म्हणून मी सांगतो."

मला वाटलं, ढकल गं बाई, ढकल!

"चूक माझी आहे," ती मोठ्याने म्हणाली. "पावडर फ्लॅशखाली तपासली नव्हती. पंधरा मिनिटं द्या, सगळी काढते."

"दहा," फोटोग्राफर म्हणाले.

तिने मला पेटीत टाकलं, तेही पालथं. मग ओल्या कापसाने ती मालकांचं डोकं हलक्या हाताने पुसू लागली. "कानामागे पण जरा… हां, तिथेच," मालक म्हणाले. मग तिने नुसता पातळ कागद टेकवून तेल टिपलं. कागद! माझ्या डोळ्यांदेखत!

एवढ्यात घोरणं ऐकू आलं.

फोटोग्राफर मालकांना हलवायला निघाले. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि अलगद बाजूला झाली. मालकांची मान कलली होती, तोंड किंचित उघडं, चेहऱ्यावर सुखच सुख. फ्लॅश पडला तरी ते हलले नाहीत. पडद्यावर डोकं अगदी डोक्यासारखं दिसत होतं.

"इतकी वर्षं गाद्यांचे फोटो काढतोय," फोटोग्राफर हळूच म्हणाले, "सगळे झोपेचं सोंग घेतात."

अर्ध्या तासाने मालक दचकून उठले. "करायचं का सुरू?"

"झालं, साहेब!"

ती सामान आवरत होती, पण तिचे कान फोटोग्राफरकडे होते.

"मंगळवारी चष्म्यांचं शूट आहे. येशील?" त्यांनी विचारलं. "फोटो चांगला आला, ती मालकांची कृपा. तू चूक लगेच सांगितलीस, म्हणून विचारतोय."

घरी आईने दारातच विचारलं, "मग? पार्लरला कधीपासून?"

"मंगळवारी चष्मे आहेत," ती म्हणाली आणि सगळा प्रकार सांगितला. आईने ऐकून घेतलं, बाबांना चष्मा लावून खिडकीशी बसवलं आणि स्वतःचा मोबाइल काढला. "फ्लॅश कुठून लावतात, ते दाखव मला."

आता मी म्हातारा झालोय. कडा उसवल्यात, कितीही धुतलं तरी डाग जात नाहीत. पावडरीला नवा पफ आलाय, फार शिष्ट आहे. पण ती मला टाकत नाही. शूटवर ती करंगळी माझ्या पट्टीत अडकवते आणि मला मॉडेलच्या गालावर ठेवून माझ्यावर हात टेकवते, म्हणजे केलेला मेकअप पुसत नाही. मग ती डोळ्यांची बारीक रेघ काढते.

लोक म्हणतात, काय स्थिर हात आहे हिचा! तो हात दर वेळी पहिली रेघ काढताना थरथरतो. मॉडेलला ते कळत नाही, कारण मध्ये मी असतो. तुम्हीही कुणाला सांगू नका.