फुमिएचा खांदा

गुरुवारी सकाळी मी तिच्या फोटोपुढे उदबत्ती लावत नाही, संध्याकाळी परत आल्यावर लावतो. वास कपड्यांना धरून राहतो आणि अंधशाळेतल्या मुलांची नाकं फार तिखट असतात.

ही अंधशाळा शहरात आहे, आमच्या बंदरापासून बसने बरीच लांब. तिथे मुलांना मालिश शिकवतात. वरच्या वर्गातली मुलं गुरुवारी बाहेरच्या माणसांवर हात बसवतात आणि ओगिनो मास्तर खाटेखाटेपाशी फिरून तपासतात. मास्तरांनाही दिसत नाही. ते मुलाच्या हातावर आपला हात ठेवतात आणि जोर कमी आहे की जास्त ते सांगतात.

पूर्वी माझी बायको फुमिए आणि मी दोघं जायचो. तिचा उजवा खांदा आखडला होता, हात वर जात नव्हता, केस विंचरता येत नव्हते. तो खांदा कुवाबारा नावाच्या मुलाच्या वाट्याला आला. ती त्याची पहिलीच पेशंट, म्हणून तो इतका घाबरला होता की हात ठेवण्याआधी माफी मागायचा. मी टोफू नाही, फुटणार नाही, असं तिने त्याला सुनावलं. मी पडद्यापलीकडच्या खाटेवर असायचो. मी घोरतो कसा, सूप खारट करतो कसा, सगळं ती त्याला सांगायची आणि दोघं हसायची.

ऑगस्टमध्ये, शाळेला सुट्टी असताना, ती गेली. डोक्यातली नस फुटली.

शाळा उघडल्यावर मी गेलो तो सांगायलाच. पण कुवाबारा दारात उभा होता, तिची बुटकी उशी काखेत घेऊन. आजी कुठे राहिल्या, म्हणून त्याने विचारलं. बंदरावर तोवर सगळे माझा चेहरा बघून आवाज खाली करत होते, मासळीवालीसुद्धा. याचा आवाज होता तसाच होता. माझ्या तोंडून निघून गेलं की तिचा गुडघा धरलाय. मग आज तुम्ही माझ्या तावडीत सापडलात, असं म्हणून तो हसला.

तेव्हापासून मी त्याच्याकडेच जाऊ लागलो. तेवढ्या एका खोलीत ती अजून होती. गुडघा दुखत होता, मग सर्दी झाली, मग ती बहिणीकडे सादो बेटावर गेली. एकदा त्याने माझा हात माझ्याच गुडघ्यावर ठेवला, वर आपला हात ठेवला आणि कुठे किती दाबायचं ते शिकवलं. रोज रात्री आजींना असं करा, म्हणाला. मी नीट शिकून घेतलं.

फेब्रुवारीत, मी पालथा पडलेलो असताना, तो म्हणाला, "आजोबा, पुढच्या गुरुवारी माझी परीक्षा. आपला जुना पेशंट आणायचा असतो. मी मास्तरांना आजींचं नाव दिलंय."

थंडी फार आहे, बर्फ आहे, मी म्हणालो. तो म्हणाला, बसस्टॉपवर मी स्वतः घ्यायला येतो.

"दुसरं कोणी घे ना."

"दुसऱ्या कोणाचा खांदा मी पहिल्यापासून केलेला नाही. सुट्टीआधी हात कानापर्यंत आला होता. आता केस विंचरतात का हो त्या?"

मी हो म्हणालो असतो. पण मग गुरुवारी तो बर्फात बसस्टॉपवर उभा राहिला असता आणि परीक्षेला त्याची खाट रिकामी राहिली असती.

"ती नाही रे आता," मी म्हणालो. "उन्हाळ्यातच गेली."

त्याचे हात पाठीवर तसेच राहिले. मग त्याने ते उचलले. तो मागे सरकून वाकल्याचं मला कळलं. मग ज्या शब्दांत सगळे सांत्वन करतात, त्याच शब्दांत, त्याच खालच्या आवाजात त्याने सांत्वन केलं. मी खोटं का बोललो ते त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

ओगिनो मास्तर आले. त्यांनी माझ्या पाठीवर हात टेकला आणि विचारलं, "कुवाबारा, हात कुठे आहेत तुझे?"

"नागासेआजी वारल्या," तो म्हणाला. बाजूच्या पडद्यांआडच्या गप्पा थांबल्या.

मास्तर म्हणाले, वेळ अजून संपलेली नाही, नागासेसाहेब खाटेवर आहेत, काम कर. परीक्षेला कोण, ते आज संध्याकाळपर्यंत सांग. मी येईन असं मी म्हणालो. मास्तरांनी चालेल म्हटलं आणि ते पुढच्या खाटेकडे गेले.

कुवाबाराने माझ्या उजव्या खांद्यावर बोटं ठेवली. हाडाच्या कडेने तो हळूहळू फिरत राहिला, परत परत त्याच जागी येत राहिला. एवढा हलका हात त्याने मला कधी लावला नव्हता.

"तिथे मला काही दुखत नाही," मी म्हणालो.

"हो," तो म्हणाला. "इथे काही नाही."