हिरेगौडर मॅडमविरुद्ध तक्रार

धारवाडच्या आमच्या लॉ कॉलेजात हिरेगौडर मॅडमबद्दल दोन मतं होती. काहींना त्या थोर वाटत, बाकीच्यांना त्यांची धास्ती. त्या नोट्स देत नसत. एकाच खटल्यावर आठवडेच्या आठवडे घालवत, तेही भरधाव इंग्रजीत.

शरणप्पा पार यादगीरकडचा, बारावीपर्यंत कन्नडमधून शिकलेला. कॅन्टीनमध्ये चुरमुऱ्यांचं गिरमिट खाताना एकदा तो उखडला, "विद्वान असतील त्या त्यांच्या घरी! माझ्या डोक्यात काय शिरतं?" आणि अभ्यासक्रम अर्धाच राहतो, इंग्रजी कळत नाही, अशी त्यानं सरळ प्राचार्यांकडे लेखी तक्रार केली. प्राचार्यांनी ती नावासकट मॅडमकडे धाडली.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला. मॅडमनी तक्रार वाचून दाखवली आणि म्हणाल्या, "आरोप माझ्यावर आहे, तेव्हा निवाडा मी करायचा नाही. सुमंगला, ये, माझ्या खुर्चीत बस."

 मी पुढे जाऊन खुर्चीत बसले. मॅडम शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या.

शरणप्पानं इंग्रजीत सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला अडखळला. कुणीतरी फिदीफिदी हसलं.

"हसणाऱ्याला बाहेर काढायचा अधिकार खुर्चीला आहे," मागून मॅडमचा आवाज आला. "आणि शरणप्पा, ज्या भाषेत तुला राग येतो ना, त्या भाषेत बोल."

मग तो कन्नडमध्ये जो सुटला! पण रागाच्या भरात भरकटायला लागला. तेव्हा मॅडम उठल्या. आम्हाला वाटलं, आता याची काही खैर नाही.

"तुझा खरा मुद्दा निसटतोय रे," त्या कन्नडमध्येच म्हणाल्या. "अभ्यासक्रम अर्धा राहिला, ठीक. पण त्याचा फटका कुणाला बसणार? ज्याला बाहेर शिकवणी परवडत नाही त्याला. म्हणजे मी सगळ्यांना सारखं वागवते हे माझं म्हणणंच खोटं ठरतं. हे मांड ना!"

शरणप्पानं मध्येच विचारलं, "मॅडम, तुम्ही माझ्या बाजूनं का बोलताय?"

"समोरच्याची बाजू लंगडी ठेवून जिंकले, तर तो निवाडा कसला?"

 स्वतःवरचा आरोप इतक्या निगुतीनं धारदार करून देणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

स्वतःच्या बचावात त्या एवढंच बोलल्या, "एक खटला मुळापासून कळला की बाकीचे आपले आपण वाचता येतात, असं मला वाटायचं."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणाले, "तक्रार खरी आहे. राहिलेला भाग मॅडमनी पूर्ण करावा, कन्नडमध्येही समजावून सांगावा. पण खटला मुळापासून शिकवणं थांबवू नये."

मॅडमनी खुर्चीपुढे मान लववली. "मान्य."

त्यानंतर रोज सकाळी जादा तास होऊ लागला. कायद्याचा कन्नड शब्द अडला की मॅडम शरणप्पाकडे बघत आणि तो ऐटीत सांगे.

सत्र संपताना प्राचार्यांनी त्याला विचारलं, "काय, आता समाधान झालं?"

"शिकवणं अजून अवघडच आहे, सर," तो म्हणाला. "पण एकदा तरी मला खऱ्या कोर्टात त्यांच्याविरुद्ध उभं राहायचंय."