चाक काढल्याशिवाय

हरेशचं डिटेलिंग, म्हणजे गाडीची आतबाहेरून कसून सफाई, चाक काढल्याशिवाय सुरू होत नसे. रोह्याच्या रस्त्याला, पेणच्या बाहेर त्याची शेड होती. "दिसतंय तेवढं तर पाऊसपन धुतो," असं तो गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत ऐकवायचा. जोह्याच्या मूर्तींच्या कारखान्यात त्याने दहा वर्षं गणपती घासले होते. भिंतीकडे जाणाऱ्या पाठीलाही पॉलिशपेपर लागलाच पाहिजे, ही खोड तिथली.

सोमवारी साहिल नुकतीच विकत घेतलेली जुनी काळी गाडी घेऊन आला. दुसऱ्या दिवशी त्याच्या थोरल्या भावाचा, प्रवीणचा, रोह्याला साखरपुडा होता. हरेशने पुढचं चाक काढलं, तर आत कोंबड्याचं सुकलेलं रक्त आणि दोन पिसं. गाडी घरी आली की गावदेवीला कोंबडा देतात, हे त्याला ठाऊक होतं. पण मान देऊन झाला, आता डाग तो डागच, असं म्हणून त्याने ते घासून काढलं. घरच्यांना न विचारता देवीचं रक्त पुसलं, इथे तो चुकला. रक्ताखाली ब्रेकचा पाइप चिरलेला दिसला.

त्याने साहिलला बोलावून पाइपावर बोट ठेवलं. "तेल झिरपतंय. हा बदलल्याबिगर गाडी रस्त्यावर काढू नका."

"तू चमकव. मेकॅनिक व्हऊ नको," साहिल म्हणाला.

मंगळवारी नागोठण्याच्या पुढे उतारावर ब्रेक लागलाच नाही. गाडीत प्रवीण एकटा होता, बाकीचे मागून टेम्पोत. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो गेला.

तिसऱ्या दिवशी तोच टेम्पो शेडसमोर थांबला. साहिल दोन चुलतभावांना घेऊन उतरला. त्याची आई काशीबाई टेम्पोतच बसून राहिली. साहिलने हरेशचीच जॅकची दांडी उचलली आणि पहिला घाव गुडघ्यावर घातला. हरेश पडला. एका चुलतभावाने त्याचं मनगट पायाखाली दाबलं.

"माझ्या आईनं लावलेला देवीचा रगत पुसलास?" दांडी उजव्या हातावर आली. दोन बोटं भलतीकडेच वळली.

"पाइप..." हरेश म्हणाला. दांडी तोंडावर बसली. दात घशात गेला.

"मी सांगि..." पुन्हा तोंडावर.

रक्त पुसलं हाताने, मग मार तोंडावर का, हे हरेशच्या तेव्हा ध्यानात आलं: पाइपाचं आईच्या कानावर जायला नको होतं. वड्याचं तेल वांग्यावर निघत होतं. दुखण्यापेक्षा त्याला संताप जास्त आला.

"थांब," काशीबाई खाली उतरली. "मला इचारू दे. तुला कोनी सांगितला रं चाक काढाला?"

हरेशने तोंडातलं रक्त थुंकलं. "चाक काढल्याबिगर डिटेलिंग होत नाय, काकी. काढलं म्हणून ब्रेकचा पाइप चिरलेला दिसला. साहिलला बोट लावून दाखवला."

म्हातारीने मुलाकडे पाहिलं. "दाखवला व्हता?"

साहिलने दांडी खाली घेतली. "साखरपुड्याला उशीर झाला असता, आई."

काशीबाईने त्याच्या हातातून दांडी काढून घेतली. पहिला घाव खांद्यावर, दुसरा कानशिलावर. साहिलने हात आडवा घातला नाही. तो गुडघ्यांवर आला, कानातून रक्त मानेवर उतरलं, तरी ती थांबेना. चुलतभाऊ जागच्या जागी उभे राहिले.

मोडलेला हात छातीशी धरून हरेश सरपटत पुढे झाला.

"धरा तिला," तो फुटलेल्या तोंडाने ओरडला. "एकच उरलाय तिला."