बेस मॉडेल

"ऊम, आधी वर बघा ना! सगळे आधी वरच बघतात," रुआन म्हणाला. ऊम म्हणजे काका; वयाने मोठ्या कुणालाही तो तसंच म्हणायचा.

मर्विन हार्टनिक खाली बघत होता. लाल गाडीचं डावं दार उघडून तो गुडघ्यांवर बसला होता आणि पायाखालचा गालिचा कोपऱ्यातून उचलून आतल्या पत्र्यावर बोटाने टिचक्या मारत होता. गंज धरलेला पत्रा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वाजतो. हा खणखणीत होता.

"पत्रा चांगलाय," तो म्हणाला.

"पत्राच काय, सगळंच चांगलंय. टॉप मॉडेल आहे, ऊम!" रुआनने हात लांबवून छताची काच मागे सरकवली. डिस्पॅच गावातल्या त्या अंगणातलं सगळं ऊन एकदम गाडीत उतरलं. सीटा जाड होत्या, मखमली होत्या, आणि वीस वर्षांच्या मानाने कुठे उसवलेल्या नव्हत्या. मर्विन कण्हत उठला, पुढच्या चाकाशी गेला आणि चाकाच्या फटींतून आत डोळा लावून ब्रेकची डिस्क बघितली. जाड, दुहेरी. बेस मॉडेलला ही मिळत नाही.

"नातवासाठी का?" रुआनने विचारलं. पंचविशीतला, जुन्या गाड्या घेऊन विकणारा हा पोरगा गिऱ्हाइकाशी बोलत राहायचं एवढं शिकला होता.

"मला नातू नाही. मला हिचं इंजिन बदलायचंय. अठराशे सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं बसवायचंय."

रुआनने शीळ घातली. "ह्या वयात, ऊम? मग तर हीच घ्या. थांबायला ब्रेक हवेत तसे आहेत, बसायला सीटा आहेत. हिला नाही म्हणणारा कोण भेटणारे तुम्हाला?"

मर्विनने सवयीने मान उजवीकडे वळवली. उजवीकडे रुआनचं कुत्रं सावलीत आडवं पडलं होतं.

"सोमवारी येतो," तो म्हणाला.

बावीस वर्षं उजवीकडे बॅझिल किवीट होता. युटेनहेगच्या मोटार कारखान्यात दोघं दारं बसवायचे. साखळीवरून गाडीचा नुसता सांगाडा सरकत यायचा. मर्विन डावं दार बसवायचा, बॅझिल उजवं. मध्ये रिकामी गाडी असायची, सीटा नाहीत, काचा नाहीत, आणि त्या पोकळीतून दोघांचं बोलणं चालायचं. साडेतीन मिनिटांनी ती गाडी पुढे जायची आणि पुढची यायची, वाक्य मात्र तेच चालू राहायचं.

बोलण्याचा विषय एकच. निवृत्तीनंतर ह्याच चौकोनी छोट्या गाड्यांपैकी एक जुनी घ्यायची आणि तिच्यात जोरकस इंजिन टाकायचं. लाखो गाड्यांना दारं बसवून दोघांपैकी एकाकडेही ती गाडी नव्हती. कुठली घ्यायची, ह्यावर घोडं अडलेलं. बॅझिलचं म्हणणं, बेस मॉडेल. काही नसलेली. हलकी. "छताला भोक पाडलेली गाडी म्हणजे झाकण काढलेला डबा," तो म्हणायचा. "एवढं इंजिन टाकलंस की पिळवटून निघेल. आणि त्या काचा खालीवर करायच्या मोटारी, गालिचे, हे सगळं वजन ओढायचं कुणी?" मर्विनचं म्हणणं, टॉप मॉडेल. "पळायचं कसं ते तू बघ. थांबायचं कसं ते मी बघतो. बेस मॉडेलच्या ब्रेकवर ते इंजिन लावलंस तर थेट दफनभूमीत जाऊनच थांबशील."

"तुझ्या आधी नाही जाणार!" पलीकडून आवाज यायचा.

बॅझिल आधी गेला. एप्रिलमध्ये, ब्रेडच्या दुकानात रांगेत उभा असताना खाली बसला तो उठलाच नाही. एका अपघातातल्या गाडीचं इंजिन त्याने आठ वर्षांपूर्वीच आणून ठेवलं होतं. घोंगडीत गुंडाळलेलं, दर महिन्याला तेल घालून हाताने फिरवलेलं. त्याची बायको डोरीन आता घर विकून जॉर्ज शहरात मुलीकडे निघाली होती. "हे धूड मी तिकडे नेणार नाही, तुझंच आहे ते," असं म्हणून तिने ते मर्विनच्या गॅरेजमध्ये पोचवलं. तेव्हापासून ते तिथे एका जुन्या टायरवर बसून होतं.

मर्विनच्या घरात बोलणारं दुसरं काही नव्हतं. त्याने लग्न केलं नाही. आई असेतो आईचं केलं, आई गेल्यावर रेडिओ घेतला. रविवारचं जेवण तेवढं किवीटांकडे असायचं, आणि त्याची खुर्ची ठरलेली होती.

डिस्पॅचहून परतताना तो डोरीनकडे उतरला. घरात खोकी पसरली होती. खुर्च्या कुणीतरी नेल्या होत्या, म्हणून दोघं दोन खोक्यांवर बसली. तिने चहा केला, रस्कचा डबा पुढे केला.

"मिळाली?" तिने विचारलं.

"मिळाली. लाल आहे. टॉप मॉडेल." मर्विनने रस्क चहात बुडवला. "बॅझिलला आवडली नसती."

डोरीन हसली. मग तिने हातातला कप खाली ठेवला.

"मर्व्ह, त्यानं तुझं केव्हाच ऐकलं होतं."

"काय ऐकलं होतं?"

"ते ब्रेकचं. इंजिन आणलं ना त्याच वर्षी. जेवता जेवता मला म्हणाला, मर्व्ह म्हणतो तेच बरोबर आहे, टॉप मॉडेलच घ्यायला हवी, काच तर काच."

"मला तर शेवटच्या रविवारीसुद्धा झाकण काढलेला डबा म्हणून गेला!"

"मी विचारलं ना त्याला, मग सांगत का नाहीस एकदाचं? तर म्हणाला, सांगितलं की विषय संपला. मग तो माणूस बोलणार कुणाशी? घरी गेल्यावर भिंतींशी?"

मर्विनचा रस्क भिजून चहात पडला. त्याने चमच्याने तो शोधला, पण त्याचा लगदा झाला होता.

"कीव करायचा माझी," तो म्हणाला.

"अरे कीव कसली, वेड्या! त्यालाही हवंच होतं ते. घरी येऊन तुझी उत्तरं मला ऐकवायचा. आज मर्व्ह असं म्हणाला, उद्या मी त्याला असं म्हणतो. मला काय कळतंय ब्रेकमधलं? पण बावीस वर्षं ऐकलं मी." तिने तिथेच पडलेलं वर्तमानपत्र उचललं, त्यात एक बशी गुंडाळली आणि खोक्यात ठेवली. "आता घे ती लाल आणि सुखानं चालव. तू जिंकलास."

मर्विन पायी घरी आला. रात्रभर त्याला झोप लागली नाही असं काही झालं नाही. झोप लागली. पण सकाळी उठल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपल्याला राग आला आहे, आणि राग काढायला माणूस नाही. सोमवारी त्याने रुआनला फोन करून गाडी नको म्हणून कळवलं.

"पण का, ऊम? काय खोट निघाली?"

"काही नाही. छताला भोक आहे."

हार्डवेअरच्या दुकानातल्या फळ्यावर पाहिलेली चिठ्ठी त्याला आठवली. क्वानोबुहलेमधली गाडी. बेस मॉडेल, पांढरी, एकच मालक. मालकीणबाई नोमोंडे सिदिनाना प्राथमिक शाळेतल्या निवृत्त शिक्षिका निघाल्या. गाडी त्यांनी नवी घेतली होती आणि एकोणीस वर्षं घर ते शाळा, शाळा ते घर, रविवारी चर्च, एवढीच चालवली होती. आता खांदा धरला होता, जड स्टिअरिंग वळेना.

मर्विनने गालिचा उचलायला हात घातला. गालिचा नव्हताच, साधं रबर होतं. रेडिओच्या जागी कंपनीचं प्लॅस्टिकचं झाकण अजून तसंच होतं. पत्र्यावर कुठे ओरखडा नाही.

"इंजिन सुरू करून बघा," बाई म्हणाल्या.

"त्याची गरज नाही, बाई. ते मी काढणारे."

"काढणार? का? काय झालंय त्याला?"

"झालं काहीच नाही. मोठं टाकायचंय."

बाईंनी चष्मा वर सरकवला. तिसरीच्या वर्गावर चौतीस वर्षं ज्या नजरेने पाहिलं असेल त्याच नजरेने त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "ज्याला काही झालेलं नाही ते काढून टाकायचं, हे कुणाचं डोकं?"

"बॅझिलचं. माझा सोबती. तो म्हणायचा, बेस मॉडेलच घ्यायची. हलकी असते, छप्पर अख्खं असतं."

"आणि तुमचं म्हणणं काय?"

"माझं म्हणणं टॉप मॉडेल घ्यावं."

"मग मिस्टर हार्टनिक, तुम्ही माझ्या दारात काय करताय? त्या बॅझिलला पाठवा. मी त्यालाच विचारते."

"तो एप्रिलमध्ये गेला, बाई."

शेजारच्या अंगणात कुणीतरी कपडे वाळत घालत होतं. ओला कपडा झटकल्याचा आवाज दोनदा आला.

"बावीस वर्षं मी त्याला नाही म्हणत आलो," मर्विन म्हणाला. "एकदा हो म्हणावं असं वाटलं."

बाईंनी किल्ली त्याच्या हातात दिली. मर्विनने डावं दार उघडलं, बिजागरीपाशी अंगठा फिरवला, दार दोन बोटांनी ढकलून लावलं. ते न आपटता बसलं.

"हे मी बसवलेलं आहे," तो म्हणाला. "ह्या वर्षाची सगळी आम्हीच बसवली. डावी माझी."

"आणि उजवं? एकोणीस वर्षं मी ज्यातून आत बसले ते?"

"ते त्याचं."

बाई वळसा घालून उजवीकडे गेल्या. त्यांनी ते दार उघडलं, पुन्हा लावलं, आणि थोडा वेळ हात तिथेच ठेवून उभ्या राहिल्या. "कधी कुरकुरलं नाही हो," त्या म्हणाल्या. "एवढं मात्र सांगायला हवं. कधीच नाही."

पुढचे सहा आठवडे मर्विन गॅरेजमध्ये होता. भाड्याच्या चेनपुलीने त्याने बाईंचं इंजिन वर घेतलं, पुसून बाजूला ठेवलं आणि बॅझिलचं खाली उतरवलं. इंजिन टेकवायच्या बैठका जुळायला चार दिवस गेले. वायरींना आठवडा गेला. भंगारवाल्याकडे एक ठोकरलेली टॉप मॉडेल उभी होती, तिचे पुढचे ब्रेक त्याने स्वतः सोडवून आणले आणि पांढऱ्या गाडीला चढवले. काम करताना तो बोलत नव्हता. फक्त एकदा डावीकडचा ब्रेक बसवून झाल्यावर "आता बोल!" असं त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि मग त्याने पाना उचलून उजवीकडचा बसवला.

एका शनिवारी अकरा वाजता तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन लागलं. गॅरेजचा पत्रा थरथरला, फळीवरचे नटांचे डबे हलले. मर्विन बाजूला उभा राहून ऐकत होता. सोळाच्या सोळा व्हॉल्व्ह एका लयीत होते, एकही मागे पडत नव्हता. त्याने जॉर्जला फोन लावला आणि फोन बॉनेटवर धरला.

"डोरीन? ऐकतेयस?"

"नुसती खरखर येतेय, मर्व्ह. काय आहे ते?"

"तेच आहे."

"हो का?" ती म्हणाली. पलीकडे नातवंडांचा गोंगाट चालला होता. "धरून ठेव थोडा वेळ. खरखर तर खरखर."

त्याने हात दुखेपर्यंत धरून ठेवला.

इंजिन बदललं की कागद बदलावे लागतात. पोलिसांच्या आवारात नंबर तपासून झाले, मग शुक्रवारी मर्विन लायसन्सच्या कचेरीत गेला. इस्त्रीचा शर्ट घातला होता. दोन तास रांगेत गेले. खिडकीपलीकडे लांब वेण्यांची एक मुलगी बसली होती. तिने बॅझिलच्या नावाची इंजिनाची पावती पाहिली, मृत्यूचा दाखला पाहिला, डोरीनने जॉर्जहून पाठवलेलं प्रतिज्ञापत्र पाहिलं.

"म्हणजे विकत नाही घेतलं, अंकल. मिळालंय."

"मिळालंय."

"मयताशी तुमचं नातं काय?"

"नातं?"

"भाऊ, मेव्हणा, काका, कोण होता तुमचा तो? इथं लिहावं लागतं."

"आम्ही एकत्र काम करायचो."

"ते नातं नाही होत, अंकल." ती उद्धटपणे बोलली नाही. तिने संगणकाचा पडदा जरा त्याच्याकडे वळवून दाखवला. यादी होती, आणि त्या यादीत ते नव्हतं. तिची बोटं कळांवर थांबली होती. मागे रांगेत एक मूल रडायला लागलं होतं.

मर्विनने यादी वरपासून खालपर्यंत वाचली. एक शब्द त्याने दोनदा वाचला. मग म्हणाला, "काही नाही लिहा."

तिने लिहिलं. यंत्र करकरलं आणि कागद बाहेर आला. वर गाडीच्या सांगाड्याचा नंबर होता, त्याच्याखाली इंजिनाचा, दोन्ही एकाच चौकटीत. मर्विनने एकेक आकडा बोटाने तपासला. त्याच्या खालच्या ओळीत, मयताशी नातं, ह्यापुढे तिने एक आडवी रेघ ओढली होती.

"इथं सही करा. पूर्ण नाव."

त्याने पेन घेतलं आणि कागद सरळ केला. नाव पूर्ण लिहायला त्याला इतका वेळ लागला की मागच्या बाईने हातातली पिशवी जमिनीवर टेकवली.