वजन खाली टेकेपर्यंत

"काका, इथे जीव मोजतात म्हणे. माझा किती भरेल?"

हेडविगने एका दमात विचारून टाकलं. विद्यापीठाच्या फाटकाबाहेर तिच्या वर्गातली एल्फ्रीडे आणि बाकीच्या तिघी मैत्रिणी तोंडात रुमाल कोंबून उभ्या होत्या. पैज त्यांनीच लावली होती. महिन्यापूर्वी हेडविगची असली छाती नव्हती. पण भर वर्गात उभं राहून तिने सरांची चूक काढली, आणि तेव्हापासून तिला वाटायला लागलं, की अख्ख्या लाइपझिगमध्ये आपल्याला अडवणारं कुणी उरलेलंच नाही. म्हणजे घरचे सोडून. ईस्टरला शाळा सोडायची आणि मावशीच्या हॅटच्या दुकानात उभं राहायचं, हे घरात केव्हाच ठरलं होतं.

दारातल्या म्हाताऱ्या शिपायाने, नेस्टलरकाकांनी, तिच्या बुटांकडे पाहिलं.

"आधी पाय पूस. जीव स्वच्छ असेल तुझा, बूट नाहीत."

बाहेर एकच हशा पिकला आणि चौघी धूम पळाल्या. हेडविग पळाली नाही. पाय पुसून आत गेली.

शनिवारची दुपार होती, विद्यार्थी केव्हाच घरी गेले होते. दारावर पाटी तत्त्वज्ञान विभागाची, आणि आत बघावं तर तारा, बॅटऱ्या, पितळी बटणं!

"हे कसलं तत्त्वज्ञान? तारघर वाटतंय."

"कोनिग्सबर्गला एक तत्त्वज्ञ होऊन गेला," काका म्हणाले. झाडलोट करता करता अठ्ठावीस वर्षांची व्याख्यानं त्यांच्या कानात साठली होती. "तो म्हणायचा, मनाचं खरं शास्त्र व्हायचंच नाही. ते मोजणार कसं? इथले म्हणाले, बघू तरी मोजून."

टेबलावर एक घड्याळ होतं. तास-मिनिटांशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. ते सेकंदाचे हजार तुकडे करायचं. एकाने शब्द म्हणत आपलं बटण दाबायचं, की काटे सुटत. समोरच्याने मनात येईल तो पहिला शब्द बोलून आपल्या बटणावरचं बोट उचललं, की थांबत. रोज सकाळी सातला काका एक हातोडी ठरल्या उंचीवरून पाडत. पडायला तिला नेहमी तेवढाच वेळ लागे, त्यावरून ते घड्याळ बरोबर चालतंय ना, हे तपासत.

"मग तुमचा आकडा किती, काका?"

"माझा? मी शिपाई. इथे बसतात ते शिकलेले. त्यांना आतलं नीट बघता येतं, सांगता येतं. शिपायाला काय वाटलं, ते वहीत कोण लिहिणार?"

"अठ्ठावीस वर्षांत एकदासुद्धा नाही?"

"सोमवारी नवा माणूस येतोय. त्याला विचार."

"म्हणजे आज तुमचा शेवटचा दिवस?"

काकांनी चिंधीने बटण पुसलं. ते आधीच लखलखत होतं.

"बसा," हेडविग म्हणाली.

"अगं, कुणी पाहिलं तर..."

"कोण पाहतंय? बसा म्हणते ना!"

घड्याळ चालवणारं लोंबतं वजन त्यांनीच वर चढवलं, बटण कसं दाबायचं तेही त्यांनीच दाखवलं, आणि मग खुर्चीत असे बसले, जणू फोटो काढायचाय. घड्याळ चिलटासारखं गुणगुणायला लागलं.

"पाव."

"सुरी."

"पाऊस."

"छत्री."

"शाळा."

"सुटली!"

दोघंही हसले. हेडविगने आकडे आपल्या कच्च्या वहीत उतरवले. मग उगाच, सहज सुचलं म्हणून, ती म्हणाली, "घर."

काटे सुटले. काकांचे ओठ हलले. बोट हललं नाही. बारीक काटा गरगरत राहिला. हेडविगला आधी वाटलं, त्यांना ऐकूच आलं नाही. मग तिच्या लक्षात आलं, ते खिडकीतल्या आपल्या डब्याच्या पिशवीकडे बघत होते. नाजूक हाताने शिवलेली, धुऊन धुऊन रंग उडालेली पिशवी. फाटलेला एक कोपरा मात्र जाडजूड, वेड्यावाकड्या टाक्यांनी सांधलेला.

वजन उतरत उतरत खाली टेकलं. गुणगुण थांबली.

"खोडून टाक," काका म्हणाले. "उत्तर आलं नाही, की तो प्रयोग बाद. इथली रीतच आहे."

"बाद कसा? आलं की उत्तर."

"बोललो का मी काही?"

हेडविगने लिहिलं: 'घर. नेस्टलरकाका. वजन खाली टेकेपर्यंत.' आणि वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ती एवढीशी ओळ त्यांनी खूप वेळ वाचली.

"बायको गेली, मिना. पाच वर्षं झाली," ते म्हणाले. "घरी समोरून शब्द टाकायला कुणी नसतं ना. सवय मोडते."

मग त्यांनी घड्याळावर कापड घातलं, चारी कोपरे सारखे केले. कुलूप लावून दोनदा ओढून पाहिलं. "उद्या आमच्याकडे जेवायला या," असं हेडविग म्हणाली, तेव्हा ते तिसऱ्यांदा कुलूप ओढत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी होकारार्थी मान हलवली.

संध्याकाळी बटाट्यांवर जवसाचं तेल ओतता ओतता आई म्हणाली, "मावशीचं पत्र आलंय. दुकानासाठी काळा झगा शिवून ठेवा म्हणते."

"नको शिवूस," हेडविग म्हणाली. "मी दुकानात जाणार नाही. मुलींच्या वरच्या वर्गात जाणार, परीक्षा देणार, आणि विद्यापीठात आता मुलींनाही घेतात, तिथे तत्त्वज्ञान शिकणार. तारांचं."

बाबांच्या हातातला घास हातातच राहिला. "तारांचं तत्त्वज्ञान? हे खूळ कुणी भरवलं?"

"उद्या जेवायला येणार आहेत ते. आणि बाबा, तुम्ही काही विचारलंत आणि ते गप्प बसले, तर मध्ये बोलायचं नाही. थांबायचं."