तुसाची राखुंडी

कडाव गावात सुरेखाबाईंच्या राखुंडीला तोड नव्हती, आणि हे सगळ्यांत आधी सुरेखाबाईच सांगत. गिरणीवरून भाताचं तूस आणायचं, अंगणात धुमसत ठेवायचं, काळं झालं की विझवायचं. मग कुटून, वस्त्रगाळ करून मीठ नि लवंग घालायची. घरोघरी टूथपेस्ट आली, तरी आळीतली म्हातारी माणसं डबे घेऊन त्यांच्याच दारी येत.

यंदा गोठ्यात पाय घसरला आणि उजवा हात प्लास्टरात गेला. म्हणजे राखुंडी आता सूनबाई करणार! हर्षला शिळफाट्याची, तोंडभर फेस काढून दात घासणारी. ही आपलं नाव मातीत घालणार, या धास्तीनं सुरेखाबाई अंगणात खुर्ची टाकून बसल्या आणि हुकूम सोडू लागल्या.

खरा कस विझवण्यात असतो. जरा उशीर झाला की काळ्याची पांढरी राख होते, आणि ती दातांना खरखरते. ढिगाच्या माथ्यावर अजून थोडं पिवळं तूस दिसत होतं, तोच हर्षलानं फावड्यानं ढीग पसरला आणि पाणी शिंपडलं.

"अगं थांब! कच्चं हाय अजून!"

"नाय आई, वाऱ्याच्या अंगाला खालून पांढरं व्हाया लागलंय. तुमाला तिकडून दिसत नाय," असं म्हणून ती शिंपडतच राहिली. कच्चं राहिलेलं तिनं नंतर पाखडून काढलं. सुरेखाबाई दिवसभर तिच्याशी धड बोलल्या नाहीत.

राखुंडी तयार झाल्यावर पहिल्या आल्या अंबाबाई. आळीतल्या सर्वांत वयस्कर, आणि जिभेला हाड नाही. त्यांनी चिमूटभर घेऊन दात चोळले, चूळ भरली, दातांवरून जीभ फिरवली.

"सुरेखे, यंदा हात सुदारला गं तुजा! दरसाली जरा खरखरायची."

सुरेखाबाईंना ते चांगलंच झोंबलं. गप्प बसल्या असत्या, तर निदान यंदाचं कौतुक तरी त्यांच्या पदरात पडलं असतं. आत भांड्यांचा आवाज थांबला होता. हर्षला ऐकत होती.

"माजा हात गळ्यात बांदलाय, दिसत नाय का तुमाला?" सुरेखाबाई कडाडल्या. "सुनेनं केलीय! मी थांब थांब म्हनत व्हते. माजं ऐकलं नाय तिनं, म्हनून अशी झाली!"

बोलता बोलता त्यांचा ऊर भरून आला. स्वतःच्या राखुंडीचाही त्यांना कधी एवढा अभिमान वाटला नव्हता. अंबाबाईंनी डबा पुढे केला, तो सुरेखाबाईंनी घेतला नाही.

"तिच्या हातात द्या," त्या म्हणाल्या. "आता दरसाली तिच्याकडंच मागायची."