शनिवारचा काटा

पांढरी डबी. आत शंभर गोळ्या, वर कापसाचा बोळा.

दोऱ्याचा भरलेला खोका: बत्तीस किलो दोनशे ग्रॅम.

मुलाकडच्यांचा निरोप: पसंत आहे, पण मुलगी जरा अंगानं भरलेली वाटते.

सिल्वासाजवळच्या अथालच्या चाळीत एका बाईनं रात्रीची भाकरी सोडली, तरी ब्लाउज दंडात रुततच होता.

एकशे अठ्ठावन्न.

हा शेवटचा आकडा मंगळवारी सकाळी सिल्वासाच्या दवाखान्यात एका यंत्रावर लुकलुकत होता. ते सोनमचं काळीज होतं. मिनिटाला एकशे अठ्ठावन्न ठोके. खाटेच्या पायथ्याशी मंजुळाबाई उभी होती आणि कमरेला खोचलेल्या डबीवर तिनं हात घट्ट दाबून धरला होता.

मंजुळाबाई शहाद्याकडची. दोऱ्याच्या कारखान्यात पॅकिंगला. वर्षापूर्वी तिचं अंग सुटायला लागलं. खाणं तेवढंच, काम तेवढंच, पण पाय ओढत चालायची, उभ्या उभ्या डोळा लागायचा. सुपरवायझर सदाशिव म्हणायचा, "मावशी, तुम्हालाही खोक्यासारखी पट्टी मारून गाडीत चढवू का?" सगळे हसायचे, तीही हसायची. मग रक्त तपासलं. गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी मंद चाललीय, डॉक्टर म्हणाले. रोज पहाटे उपाशीपोटी एक गोळी, चहा अर्ध्या तासानं.

तीन महिन्यांत अंग हलकं झालं.

हे सगळ्यांना कळलं ते शनिवारी. शनिवारी सदाशिव चहाला गेला की पॅकिंगच्या बायका चपला काढून खोक्यांच्या काट्यावर चढायच्या. एकीनं आकडा मोठ्यानं वाचायचा, बाकीच्यांनी ओरडायचं.

"मावशी शहात्तरवरून एकाहत्तर!"

"काय करता वं मावशी?" पॅकिंगमधल्याच सोनमनं तिला खोक्यांमागे ओढलं.

"गोळी आहे. टिकलीएवढी."

"मग एक टिकली मलापण द्या ना. दिवाळीनंतर ते लोक परत बघायला येणार आहेत."

पॅकिंगमध्ये कुणाचं काही एकटीचं नसायचं. लोणचं, केसांचा चाप, डोकेदुखीची गोळी, सगळं हातोहात फिरायचं. मंजुळाबाईनं सोमवारी गेटवर सोनमच्या तळहातावर एक गोळी ठेवली. मग रोज ठेवत गेली. डबी पुरावी म्हणून स्वतः एक दिवसाआड घ्यायला लागली.

सोनमचे गाल बसले. बायका टाळ्या वाजवत. मंजुळाबाईचा आकडा मात्र पुन्हा वर सरकला. बाहत्तर. त्र्याहत्तर. आपलंच तोंड चालतंय, असं म्हणत तिनं भाकरी सोडली.

"मावशी, आता दोन दोन द्या. लवकर होईल."

तिनं दोन दिल्या. पंधरा दिवस.

काल सोनमचे हात थरथरत होते. पट्टी सरळ लागेना. आज सकाळी ती दोन खोक्यांच्या मध्ये बसली ती उठलीच नाही.

"काही औषध घेते का ही?" डॉक्टर गौरी मॅडमनी विचारलं.

"कसलं औषध, मॅडम," सदाशिव म्हणाला. "उपाशी राहते. लग्न जमतंय ना."

बोललं तर पोलीस. बोललं तर उद्यापासून गेट बंद. यंत्रावर एकशे एकसष्ट आलं.

तिनं डबी काढून पुढे धरली.

"ही घेते. मी देते. रोज दोन."

मॅडमनी डबी वाचली. पुन्हा वाचली. "मावशी, तुम्हाला कुणी सांगितलं ही वजनाची गोळी आहे?"

"माझं उतरलं की."

"तुमचं शरीर जे बनवत नाही ते ही गोळी भरून काढते. म्हणून उतरलं. हिचं शरीर ते पुरेसं बनवतंय. त्यावर तुम्ही रोज दोन ओतल्या." मॅडम वळल्या, सिस्टरला भराभर काही सांगितलं, इंजेक्शन आलं. मग त्यांनी मान न वळवताच विचारलं, "आणि तुम्ही किती घेता?"

"एक दिवसाआड."

"का?"

"पुरायला नको?"

सदाशिवनं टोपी काढून हातात घेतली. मंजुळाबाईला एकदम त्र्याहत्तरचा अर्थ कळला, रात्रीच्या भाकरीचा कळला, आणि गेटवरच्या त्या तळहाताचाही. ती खाटेची दांडी धरून खाली बसली.

एकशे चव्वेचाळीस. एकशे एकतीस. दुपारपर्यंत आकडा शंभराच्या आसपास आला. सोनमनं डोळे उघडले.

"मावशी," ती पुटपुटली, "गोळीचं कुणाला सांगू नका हां."

"सांगितलं," मंजुळाबाई म्हणाली.

गोळी मागितली त्या शनिवारी काट्यावर सोनमचं वजन एकावन्न किलो भरलं होतं.